घरांतील नवा प्रश्नकर्ता

दिवाळीची सुटी लागली म्हणजे आमच्या करमाडच्या घरीं माणसांचा मेळा जमतो. एरवीं ज्या घरांत आमच्या वृद्ध मातोश्री, आम्ही उभयतां आणि धाकट्या बंधूंचें कुटुंब एवढींच माणसें नांदतात, तेथें भाऊबिजेपर्यंत पंगतीस वीस-बावीस पानें मांडावीं लागतात. दिवस फराळांत व गप्पांत जातो. परंतु रात्रीचीं जेवणें उरकल्यावर मुलांस कशांत गुंतवावें, हा प्रश्न उभा राहतो. आमच्या लहानपणीं त्याचें उत्तर ठरलेलें होतें. आजी कोडीं घाली, काका भेंड्या लावीत, आणि जो पक्ष हरेल त्यानें दुसऱ्या दिवशीं विहिरीचें पाणी भरावयाचें, असा दंडक असे. २०२५ सालच्या दिवाळींत मात्र आमच्या थोरल्या नातवानें निराळाच बेत काढला. "आजोबा, आज आपण मोबाइलमधल्या एआयला प्रश्नकर्ता करू. तो विचारील, आपण उत्तरं देऊ," असें तो म्हणाला. आम्हीं संमति दिली. त्यानंतरच्या तीन रात्रींत जें घडलें, तें इतर घरांसही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें लिहून काढीत आहों.

प्रश्नोत्तरांचा खेळ आपल्याकडे नवा नाहीं. वात्स्यायनानें दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादींत प्रहेलिका म्हणजे कोडीं घालणें व प्रतिमाला म्हणजे आपल्या भेंड्या, या दोहोंचीही गणना आहे. दंडीनें काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदांत प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. वनपर्वांतील यक्ष व युधिष्ठिर यांचीं प्रश्नोत्तरें तर घरोघर परिचित आहेत. अलीकडच्या काळीं जुलै २००० मध्यें 'कौन बनेगा करोडपती' हा कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षीं हर्षवर्धन नवाथे हा मुंबईचा मराठी तरुण त्यांतला पहिला कोट्यधीश झाला, तेव्हां आमच्या शाळेंतील मुलें सामान्य ज्ञानाचीं पुस्तकें मागूं लागलीं होतीं. पुढें २०१३ सालीं तोच खेळ मराठींतही आला. या सर्व प्रकारांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते; ती ही कीं, प्रश्न विचारणाऱ्यास उत्तर ठाऊक असतें. यक्षास उत्तरें ठाऊक होतीं, म्हणूनच धर्मराजाची परीक्षा घेण्याचा त्यास अधिकार होता. आमच्या घरांत आलेल्या या नव्या प्रश्नकर्त्यास तो अधिकार आहे कीं नाहीं, याचा विचार पहिल्या रात्रीं आमच्यापैकीं कोणीच केला नाहीं.

खेळाची मांडणी आमच्या सूनबाईंनीं केली. त्यांनीं सहायकास मराठींतच लिहून कळविलें कीं, तूं प्रश्नकर्ता आहेस. समोर दोन पक्ष आहेत व त्यांत दहा वर्षांच्या मुलीपासून अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आजींपर्यंत सर्व माणसें आहेत. इतिहास, भूगोल, विज्ञान व मराठी साहित्य यांवर एका वेळीं एकच प्रश्न विचार. उत्तर आल्यावांचून पुढें जाऊं नकोस. मग उत्तर बरोबर कीं चूक तें सांगून गुण मांड. क्षणार्धांत पहिला प्रश्न आला. भाषा शुद्ध व विनयशील होती. वेरूळचें कैलास लेणें कोणत्या राजवंशाच्या काळीं कोरलें गेलें, देवगिरीस दौलताबाद हें नांव कोणीं दिलें, बीबीचा मकबरा कोणाचा, असे प्रश्न येत गेले. राष्ट्रकूट, महंमद तुघलक, औरंगजेबाची बेगम दिलरस बानू अशीं उत्तरें मुलांनीं धडाधड दिलीं. पाव तासांत सर्व घर त्या लहानशा यंत्राभोंवतीं गोळा झालें.

अकरावा प्रश्न मातोश्रींच्या पक्षाकडे आला. "मराठवाडा ब्रिटिशांच्या राजवटींतून कोणत्या दिवशीं मुक्त झाला?" मातोश्री भिंतीस टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "इंग्रज कुठला? आपल्याकडे निजामाचं राज्य होतं. आम्ही सुटलो ते सतरा सप्टेंबरला, अठ्ठेचाळीस साली." नातवानें तें उत्तर कळविलें. निकाल आला: "उत्तर चूक आहे. मराठवाडा १५ ऑगस्ट १९४७ रोजीं मुक्त झाला." मुलें हंसलीं. फळ्यावर शून्य पडलें. मातोश्री एवढेंच म्हणाल्या, "पंधरा ऑगस्टला आमच्या दारात झेंडा लावायची सोय नव्हती रे. बाबांनी दाराला आतून कडी घातली होती. दहा वर्षांची होते मी." पण तोंवर पुढचा प्रश्न आला होता. थोड्या वेळानें, झोंप येते म्हणून त्या उठून आंत गेल्या.

येथें आम्हांस एक कबुली देणें प्राप्त आहे. आम्हीं छत्तीस वर्षें मुलांस इतिहास शिकविला. हा प्रदेश ब्रिटिश मुलखांत नसून हैदराबाद संस्थानांत होता. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालीं येथें मुक्तिलढा झाला. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें व १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली. पुढें १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. हें सर्व आम्हांस पाठ आहे. मुक्तिसंग्रामदिनाचें झेंडावंदन आम्हीं कित्येक वर्षें शाळेंत स्वतः पार पाडलें. असें असतां त्या क्षणीं आम्ही बोललों नाहीं. खेळाचा रंग मोडूं नये, असें कारण आम्हीं मनाशीं धरलें. परंतु खरें कारण असें कीं, यंत्राच्या ठाम बोलण्यानें आम्ही क्षणभर दिपून गेलों. जिनें तो दिवस डोळ्यांनीं पाहिला, तिला तिच्याच घरांत तिच्याच पोरांदेखत शून्य मिळालें, आणि इतिहासाचा शिक्षक मुलगा शेजारीं स्वस्थ बसून राहिला.

रात्रीं दिवे मालवण्याच्या सुमारास दहा वर्षांची नात मोबाइल घेऊन आमच्या खोलींत आली. "आजोबा, मोठी आजी खोटं कशाला सांगेल?" असें तिनें विचारलें. मग आम्हीं तिच्याकडून सहायकास पुनः विचारविलें, "मराठवाडा निजामाच्या राज्यांत होता ना?" ताबडतोब उत्तर आलें कीं, आपलें म्हणणें अगदीं बरोबर आहे, चुकीबद्दल क्षमस्व, खरी तारीख १७ सप्टेंबर १९४८ हीच होय. नातीचा चेहरा खुलला. इतक्यांत मागून थोरला नातू आला व थट्टेनें त्यानें लिहिलें, "नाही, १६ सप्टेंबर." यंत्रानें त्याचीही क्षमा मागितली आणि १६ तारीख मान्य केली! तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, त्याचा पहिला निकाल जितका पोकळ होता, तितकीच त्याची क्षमायाचनाही पोकळ होती.

असें कां व्हावें, हें दुसऱ्या दिवशीं आमच्या पुतण्यानें समजावून सांगितलें. तो शेंद्र्याच्या एका कारखान्यांत अभियंता असून त्यास या विषयाची माहिती आहे. तो म्हणाला कीं, या सहायकाच्या पोटांत कोशाप्रमाणें नोंदी लावून ठेवलेल्या नसतात. त्यास अगणित मजकूर वाचावयास दिलेला असतो, आणि त्यावरून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हें तें शिकतें. "मुक्त झाला" आणि "भारत" हे शब्द जेथें येतात, तेथें १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख लक्षावधि वेळां आलेली असणार; मराठवाड्याची तारीख त्या मानानें विरळा. शिवाय इंग्रजीच्या तुलनेनें मराठी मजकूर थोडा, आणि आमच्या करमाडसारख्या गांवाविषयींचा तर नगण्य. यामुळें जगांतील मोठमोठ्या गोष्टी तें बिनचूक सांगतें आणि आपल्या अंगणांतल्या गोष्टींत अडखळतें. मात्र अडखळतांना त्याचा आवाज बदलत नाहीं. त्याच दिवशीं आम्हीं पडताळा पाहिला. करमाडचें स्थानक कोणत्या लोहमार्गावर आहे, असें विचारतां त्यानें तें मुंबई-नागपूर मार्गावर नेऊन ठेवलें! वास्तविक तें मनमाड-सिकंदराबाद मार्गावर, दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागांत आहे, हें येथील शेंबड्या पोरासही ठाऊक आहे.

ठाऊक नसतां ठोकून देण्याची ही खोड यंत्रास कशी जडली, याविषयीं सप्टेंबर २०२५ मध्यें ओपनएआय या संस्थेच्या संशोधकांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांतलें एक कारण ऐकून आम्हांस हंसूं आलें, कारण तें आमच्याच धंद्यांतलें निघालें. या यंत्रांच्या ज्या परीक्षा घेतल्या जातात, त्यांत बरोबर उत्तरास गुण मिळतो, आणि चुकीच्या उत्तरास व "ठाऊक नाहीं" या उत्तरासही सारखेंच शून्य मिळतें. मग अंदाज ठोकून देण्यांत नुकसान काय? वर्गांतला उनाड मुलगा नेमका हाच हिशेब करतो. म्हणूनच वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेंत बरोबर उत्तरास चार गुण देऊन चुकीच्या उत्तराचा एक गुण कापतात, व सोडलेल्या प्रश्नाचें कांहीं कापीत नाहींत. परीक्षकानें प्रामाणिक अज्ञानास किंमत दिली नाहीं, तर परीक्षार्थी प्रामाणिक राहत नाहीं, मग तो मनुष्य असो वा यंत्र.

न्यायशास्त्रांत ज्ञानाचीं चार साधनें मानिलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द. यांतील शब्द म्हणजे वाटेल त्याचें बोलणें नव्हे. तें आप्ताचें वचन असावें लागतें. आणि आप्त कोण? ज्यानें वस्तु यथार्थ जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. या कसोटीवर पाहतां आमचा हा प्रश्नकर्ता बहुश्रुत खरा, पण आप्त नव्हे. त्यानें पुष्कळ वाचलें आहे, पाहिलें कांहींच नाहीं. आणि आपलें वाचन कोठें संपलें व अंदाज कोठें सुरू झाला, हें तो आपण होऊन सांगत नाहीं. त्याच्या उलट, त्या रात्रीं आमच्या घरांत प्रत्यक्ष पाहणारी एकच व्यक्ति होती, आणि शून्य तिलाच मिळालें.

यंत्रास आपल्या शंकेची जाणीव ठेवतां येतच नाहीं, असें मात्र समजूं नये. फेब्रुवारी २०११ मध्यें अमेरिकेंतील 'जेपर्डी' नांवाच्या प्रश्नोत्तरांच्या दूरचित्रवाणी-खेळांत आयबीएम कंपनीचें 'वॉटसन' हें यंत्र केन जेनिंग्ज व ब्रॅड रटर या दोन अव्वल खेळाडूंच्या समोर बसलें व जिंकलें. प्रत्येक उत्तराविषयीं आपणास किती खात्री आहे, याचें माप तें मनाशीं काढी, आणि खात्री कमी असली कीं घंटा न वाजवितां गप्प बसे. एका शेवटच्या प्रश्नास मात्र सर्वांनाच उत्तर देणें भाग होतें. प्रश्न अमेरिकेंतील शहरांविषयीं होता व उत्तर शिकागो होतें. वॉटसननें कॅनडांतील टोरांटोचें नांव दिलें! लोक खूप हंसले. पण त्यानें त्या नांवापुढें पांच प्रश्नचिन्हें मांडलीं होतीं आणि जवळच्या रकमेंतून अवघे ९४७ डॉलर पणास लावले होते. चूक झाली, पण अहंकार नव्हता. असा प्रतिस्पर्धी आम्हांस आवडेल.

हा सर्व विचार करून दुसऱ्या रात्रीं आम्हीं खेळाचे नियम नव्यानें बांधले. वाचकांच्या सोयीसाठीं ते येथें देतों.

(१) प्रश्न मोकळ्यावर मागूं नयेत. घरांतील एखाद्या चांगल्या पुस्तकाचीं दोन-चार पानें मोबाइलनें टिपून सहायकास द्यावीं आणि "केवळ या मजकुरांतूनच प्रश्न काढ" असें सांगावें. आम्हीं मराठी विश्वकोश व पंडित महादेवशास्त्री जोशी यांचा भारतीय संस्कृतिकोश यांतलीं पानें घेतलीं. चुका एकदम कमी झाल्या.

(२) यंत्र प्रश्नकर्ता असावें, पंच नसावें. पंच घरांतले दोन, व त्यांच्यापुढें ग्रंथ उघडा.

(३) चुकीच्या उत्तरास एक गुण वजा. "ठाऊक नाहीं" म्हणणाऱ्यास अर्धा गुण. हा नियम यंत्रासही लागू, व तसें त्यास आरंभींच कळवावें.

(४) आक्षेप कोणासही घेतां यावा. मात्र आक्षेप घेणाऱ्यानें आपण तें पाहिलें, वाचलें, ऐकलें कीं तर्कानें काढलें, हें सांगितलें पाहिजे.

(५) गुण कागदावर मांडावे. खेळ लांबला म्हणजे यंत्राचा हिशेब चुकूं लागतो.

(६) अलीकडे बदललेल्या गोष्टी दोनदां पडताळाव्या. आमच्या शहराचें नांव २०२३ सालीं छत्रपती संभाजीनगर झालें; मराठीस ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ज्या यंत्राचें वाचन त्यापूर्वीं थांबलें असेल, तें जुनेंच सांगेल.

(७) घरच्या माणसांचीं पूर्ण नांवें, पत्ते व फोन क्रमांक त्यास देऊं नयेत. अनोळखी पाहुण्याशीं आपण जेवढें बोलतों, तेवढेंच बोलावें.

नियम सांगण्यापूर्वीं आम्हीं फळ्यावरील आदल्या रात्रीचें शून्य सर्वांदेखत पुसलें, मातोश्रींना त्यांचा गुण दिला, आणि आपल्या मौनाबद्दल त्यांच्या पायांवर डोकें ठेविलें. त्या म्हणाल्या, "गुणांचं काय घेऊन बसलास! पोरांना खरं काय ते कळलं म्हणजे झालं."

येथें कोणास असें वाटेल कीं, म्हाताऱ्यांचें सर्व खरें आणि यंत्राचें सर्व खोटें, असें आम्हांस म्हणावयाचें आहे. तसें मुळींच नाहीं. त्याच रात्रीं, सूर्यमालेंत सर्वाधिक चंद्र कोणत्या ग्रहास, असा प्रश्न निघाला. आम्हीं छातीठोकपणें "गुरु" म्हणून सांगितलें. कारण वर्गांत आम्हीं तेंच शिकवीत आलों. यंत्र म्हणालें, "शनि." आम्हीं आक्षेप घेतला, पुतण्यानें शोध केला, आणि आमचा एक गुण कापला गेला! मार्च २०२५ मध्यें शनीच्या आणखी १२८ चंद्रांस मान्यता मिळून त्यांची एकूण संख्या २७४ झाली होती. यंत्रानें ग्रह बरोबर सांगितला, पण संख्या १४६ सांगितली. त्याचें वाचन जुनें होतें. आमचें त्याहून जुनें. मुलांनीं टाळ्या पिटल्या आणि आम्हीं त्या आनंदानें सोसल्या. चुकण्याचा अधिकार सर्वांस सारखा, आणि तपासून घेण्याचें कर्तव्यही सारखें.

आणखी एक प्रसंग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. नातवानें "करमाडविषयीं प्रश्न काढ" असें सहायकास सांगितलें. त्यानें विचारलें कीं, मे २०२० मध्यें करमाडजवळ रेल्वेखालीं किती मजूर मृत्युमुखीं पडले, आणि खालीं चार पर्याय मांडले. बैठकींत एकदम शांतता पसरली. ८ मे २०२० च्या पहांटे, टाळेबंदींत जालन्याहून पायीं आपल्या मुलखाकडे निघालेले, थकून रुळांवरच निजलेले सोळा मजूर मालगाडीखालीं सांपडले. ती पहांट या गांवास विसरतां येण्यासारखी नाहीं. माहिती खरी होती, प्रश्नही नियमांत बसत होता. पण सूनबाई म्हणाल्या, "हा प्रश्न खेळातला नाही." मुलांनीं तो काढून टाकला व दोन मिनिटें कोणी बोललें नाहीं. काय खरें, हें पुस्तकावरून ठरवितां येईल. काय विचारावें आणि काय विचारूं नये, हें मात्र घरानेंच ठरवावयाचें असतें. तें काम कोणत्याही सहायकाकडे सोंपवितां येणार नाहीं.

तिसऱ्या रात्रीं मुलांनीं मातोश्रींना प्रश्नकर्त्याच्या पाटावर बसविलें आणि यंत्रास एका पक्षांत घेतलें. मातोश्रींनीं विचारलें, "या घरात विजेचा पहिला दिवा कुठल्या खोलीत लागला?" मुलें एकमेकांकडे पाहूं लागलीं. कोणी माजघर म्हणालें, कोणी ओसरी. आम्हांसही सांगतां येईना. नातीनें नियमाप्रमाणें सहायकास विचारलें. उत्तर आलें: "हें मला ठाऊक नाहीं. हें आपल्या घरांतील वडीलधारी मंडळीच सांगूं शकतील."

मातोश्री प्रसन्न हंसल्या. "द्या रे त्याला अर्धा गुण," त्या म्हणाल्या, "शहाणा होतोय." आणि मग, दिवा पहिल्यानें देवघरांत लागला, त्या रात्रीं आजेसासूबाईंनीं त्या दिव्यासही हळदकुंकू वाहिलें, ही सगळी हकीकत त्यांनीं सांगितली. त्यानंतर तासभर कोणीं मोबाइलकडे पाहिलें नाहीं. यंत्रानें निदान एवढें खचित केलें कीं, जो प्रश्न आम्हीं आजवर कधीं विचारला नव्हता, तो विचारण्यास निमित्त दिलें. वाचकांनीं आपापल्या घरीं हा खेळ अवश्य मांडावा. आणि प्रश्नकर्त्याचा पाट एक दिवस तरी घरांतल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीस द्यावा, एवढीच आमची विनंति आहे.